मुलीचं नाव 'मुक्ता' ठेवावं का?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी होऊन आठवडा झाला, बारसं तोंडावर आलंय. आईबाबा दोघांनाही 'मुक्ता' हे नाव आवडलंय. आजींचा मात्र विरोध आहे: मुक्ताबाई अठराव्या वर्षी गेल्या, संसार नाही, मूलबाळ नाही, असलं नाव लेकीला कशाला? गुरुजींनी पत्रिकेवरून 'ला' हे अक्षर काढून दिलंय, त्याच्याशी नाव जुळत नाही. काका म्हणतात मुक्ता म्हणजे मोती, मामा म्हणतात मुक्ता म्हणजे मुक्त झालेली. बाबांना दाखल्यावर 'मुक्ताई' असं हवंय. शिवाय नाव जुनाट वाटेल का, वर्गात चार मुक्ता निघतील का, हीही शंका आहे.

मी बरीच वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, मग पौरोहित्य शिकले, आणि आता बारशी, मुंजी, लग्नं लावते. नावांबद्दल विचारायला लोक येतच असतात. माझं मत आधीच सांगते: ठेवा हे नाव, निःशंक मनाने ठेवा. कारणं मात्र सविस्तर देते, कारण आजींना ती पटायला हवीत. बारशाच्या दिवशी घरातलं एक माणूस खट्टू होऊन बसलेलं मला बघवत नाही.

आधी अर्थ. संस्कृतात 'मुच्' हा धातू आहे: सोडणं, मोकळं करणं. त्याला 'क्त' प्रत्यय लागून 'मुक्त' होतं आणि त्याचं स्त्रीलिंगी रूप 'मुक्ता'. या प्रत्ययाकडे जरा लक्ष द्या, कारण नावाचा सगळा अर्थ त्यात आहे. तो घडून गेलेली गोष्ट सांगतो. कृत म्हणजे केलेलं, गत म्हणजे गेलेलं, तसं मुक्त म्हणजे सुटलेलं. तेव्हा मुक्ता ही मुक्तीची वाट बघणारी नाही, ती मोकळी झालेलीच आहे. मुलींच्या जुन्या नावांची यादी डोळ्यांपुढे आणा. कुणी देवीच्या नावाची, कुणी नदीच्या, कुणी फुलाच्या, कुणी दागिन्याच्या. त्या मुलीची स्वतःची अवस्था सांगणारी नावं फार थोडी आहेत आणि त्यांत 'मुक्ता' माझ्या मते सगळ्यांत निर्भय आहे.

(कुणी त्याऐवजी 'मुक्ती' सुचवलं तर नको म्हणा. ते भाववाचक आहे, आणि आपल्याकडे दीर्घ आजारानंतर माणूस गेलं की 'मुक्ती मिळाली' असं सहज म्हटलं जातं. तो सूर मुलीच्या नावाला चिकटायला नको.)

आता काकांचा मोती. तेही बरोबरच सांगताहेत. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मौक्तिक आणि मुक्ता हे शब्द शेजारी शेजारी, एकाच अर्थाचे म्हणून दिलेत, पोवळ्याच्या लगेच आधी. शिंपल्यातून सुटलेला म्हणून मुक्ता, अशी त्याची पारंपरिक फोड. काही भाषाशास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं आहे. तमिळ आणि कन्नडमध्ये मोत्याला 'मुत्तु' म्हणतात. मोती काढण्याची जुनी ठिकाणं दक्षिणेच्या समुद्रात, मन्नारच्या आखाताच्या बाजूला. तेव्हा मालाबरोबर शब्दही उत्तरेकडे आला आणि संस्कृतने त्याला आपलं रूप दिलं. मला हे म्हणणं पटण्याजोगं वाटतं. ते काहीही असो, संस्कृत मौक्तिक, प्राकृत मोत्तिअ आणि मराठी मोती ही एकाच घरातली मंडळी आहेत. बंगालीत आजही मोत्याला मुक्ता म्हणतात आणि तिकडच्या मुक्ताचं नाव बहुधा त्याच अर्थाने ठेवलेलं असतं. हिंदीतही तोच अर्थ आधी सुचतो.

मराठीत मात्र मोत्याचा अर्थ मागे पडला. आपण मोत्याला मोतीच म्हणतो. 'मुक्ता' त्या अर्थाने उरलं ते फक्त 'मुक्ताफळ' या शब्दात, आणि तोही आता भलतंसलतं बोलणाऱ्यानं मुक्ताफळं उधळली असं म्हणण्यापुरताच. मराठी कानाला 'मुक्ता' म्हटलं की एकच मुलगी आठवते, आळंदीची. म्हणून महाराष्ट्रात मामांचा अर्थ पुढे आणि काकांचा मागे. दोघांनाही तसं सांगा, दोघांचंही समाधान होईल.

पण हे नाव आळंदीपेक्षाही बरंच जुनं आहे, आणि त्याची हकिगत मला अतिशय प्रिय आहे. 'थेरीगाथा' हा बौद्ध भिक्खुणींच्या गाथांचा पाली संग्रह दोन हजार वर्षांहून जुना आहे. पालीत 'मुक्ता'चं 'मुत्ता' होतं, आणि या संग्रहात मुत्ता नावाच्या दोघी जणी आहेत. एकीची गाथा अशी सुरू होते: 'मुत्ते मुच्चस्सु योगेहि, चन्दो राहुग्गहा इव'. मुत्ते, राहूच्या तावडीतून चंद्र सुटावा तशी तू बंधनांतून सूट. म्हणजे तिला तिच्याच नावाची आठवण करून दिलीय. दुसरी मुत्ता तर बोलते तेव्हा थेट कुठल्याही घरातली बाई वाटते: 'सुमुत्ता साधुमुत्ताम्हि, तीहि खुज्जेहि मुत्तिया, उदुक्खलेन मुसलेन, पतिना खुज्जकेन च'. मी सुटले, छान सुटले, तीन वाकड्या गोष्टींतून सुटले: उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा! लगेच पुढे ती म्हणते, जन्ममरणातूनही सुटले. अट्ठकथेप्रमाणे, म्हणजे या गाथांवरच्या जुन्या पाली टीकेप्रमाणे, ही कोसल देशातल्या एका गरीब ब्राह्मणाची मुलगी. उखळाशी रोज वाकून कांडणाऱ्या बाईने आपल्या नावाचा अर्थ स्वतः लावला आणि मोठ्याने सांगितला. शाळेत मी मुलींना हे शिकवायचे तेव्हा ज्या एरवी खिडकीबाहेर बघत बसायच्या त्याही मान वळवून ऐकायच्या.

यात तुमच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. 'क्त' हे जोडाक्षर लहान जिभेला जड जातं. धाकटी भावंडं, शेजारची पोरं सुरुवातीला 'मुत्ता' म्हणतील आणि त्यावरून घरात कुणीतरी नाक मुरडेल. ते दोन हजार वर्षांहून जुनं पाली रूप आहे असं खुशाल सांगा. जीभ वळली की नाव आपोआप नीट येतं. तोवर मुक्तू म्हणा, मुकू म्हणा. मी पाहिलेल्या घरांत ही दोन रूपं बरीच चालतात.

आता आळंदी. विठ्ठलपंत आपेगावचे, रुक्मिणीबाई आळंदीच्या. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात परतले, म्हणून गावाने घर वाळीत टाकलं. त्यानंतर चार मुलं झाली: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. प्रचलित कालगणनेप्रमाणे निवृत्तीनाथांचा जन्म १२७३चा, मग दर दोन वर्षांनी एकेक, आणि मुक्ताबाई १२७९च्या. नावांचा क्रम बघा. आधी निवृत्ती, तिच्यातून ज्ञान, ज्ञानाचा जिना म्हणजे सोपान, आणि जिना जिथे पोचतो तिथे मुक्ता. कीर्तनकार हा क्रम नेहमी सांगतात आणि तो सुंदर आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या घराला गावात कुणी पाणी देत नव्हतं, ज्या आईबापांना पुढे देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं, त्यांनी लेकीचं नाव 'मोकळी' ठेवलं. चहूबाजूंनी कोंडलेल्या माणसांनी असं नाव ठेवायला केवढी छाती लागते.

आणि ती नावाप्रमाणे वागली. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेरून समजूत घालणारी ही धाकटी बहीण. पोरवयाची मुलगी मोठ्या भावाला काय म्हणते पाहा:

योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ॥
विश्व रागे झाले वन्ही । संते सुखे व्हावे पाणी ॥
शब्दशस्त्रे झाले क्लेश । संती मानावा उपदेश ॥
विश्वपट ब्रह्म दोरा । ताटी उघडा ज्ञानेश्वरा ॥

जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हावं. यात रडगाणं नाही की भीतीही नाही. या ओळी मी बारशाला बऱ्याचदा म्हणते, मुलीचं नाव मुक्ता नसलं तरी म्हणते.

चांगदेवांची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक असते. एवढे मोठे योगी, ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, ते ठरेना. म्हणून कोरंच पत्र पाठवलं. ते बघून मुक्ताबाई म्हणाल्या, एवढी वर्षं तप करून हा कोराच राहिला. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, ती चांगदेव पासष्टी. पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताबाईंना.

तिच्या अभंगांतलं एक मात्र मला वेगळं काढून दाखवायचंय. 'मुंगी उडाली आकाशी, तिणे गिळिले सूर्यासी' हा कूट, म्हणजे कोड्यासारखा, अभंग तुम्ही ऐकला असेल. वांझेला पुत्र होतो, विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पाया पडतो, माशी व्याली तर घार होते. या सगळ्या अचाट गोष्टींनंतर शेवटची ओळ येते: 'देखोनि मुक्ताई हासली'. इतर संतांच्या अभंगांत नाममुद्रा येते ती बहुतेक 'म्हणे' बरोबर. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. इथे ही पोर हसते. मुलीला असं हसू लाभलेलं नाव देता येतंय, आणखी काय पाहिजे?

आता आजींचा मुद्दा. तो मी हलका समजत नाही. नातीच्या काळजीपोटीच त्या बोलताहेत. पण आजींना एवढंच विचारा: ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली तेव्हा त्यांचं वय किती होतं? रूढ कालगणनेप्रमाणे एकवीस. १२९६च्या कार्तिकात आळंदीला ते समाधिस्थ झाले, सोपानदेव त्याच वर्षी सासवडला, त्यांचंही वय विशीच्या आसपास. त्यांनीही संसार केला नाही. तरी महाराष्ट्रात ज्ञानेश्वर नावाचा मुलगा नाही असं गाव सापडणार नाही, सोपान नावाची माणसंही घरोघर आहेत. अल्पायुषी संताचं नाव म्हणून ज्ञानेश्वरच्या बारशाला कुणी हरकत घेतलेली मी ऐकलेली नाही. मग ही भीती मुलीच्याच नावाला का? मुलाच्या नावात आपण संताचं ज्ञान बघतो आणि मुलीच्या नावात तिचं लग्न झालं होतं का, मुलं होती का ते बघतो. हे अंगवळणी पडलंय म्हणून जाणवत नाही. एकदा दाखवून दिलं की आजींना पटतं, हा माझा अनुभव आहे. त्या पिढीच्या बायका न्यायाच्या बाबतीत आपल्यापेक्षा कडक असतात.

शिवाय पुराणातल्या दुःखामुळे आपण नावं कुठे टाळली? सीता, जानकी, अहिल्या, तारा, सावित्री. खेड्यापाड्यात द्रौपदाबाई तर किती! कुणाच्या वाट्याला वनवास, कुणाच्या वाट्याला शाप. तरी नावं पिढ्यान्‌पिढ्या चालली, कारण लोकांनी त्यांतलं तेज घेतलं.

'मूलबाळ नाही' याचंही उत्तर खुद्द मुक्ताबाईंच्या नावावर असलेल्या रचनेत आहे. चांगदेवांना शिष्य केल्यावर त्यांनी त्यांच्यासाठी पाळणा म्हटला असं परंपरा सांगते: 'निर्गुणाचे डहाळी पाळणा लाविला, तेथे सुत पहुडला मुक्ताईचा'. वयाने कितीतरी मोठा योगी हा तिचा मुलगा आणि ती त्याची आई. आजींना गाता येत असेल तर बारशाला हाच पाळणा म्हणायला सांगा. मी जिथे जिथे सुचवलाय तिथे आजीच सगळ्यांत आधी पाठ करून बसल्या.

आता 'मुक्ताई'बद्दल. बाबांचा हट्ट मला समजतो, नाव कानाला फार गोड आहे. जनाबाईंचा 'विठो माझा लेकुरवाळा' घ्या. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, पुढे ज्ञानेश्वर, आणि 'मागे मुक्ताई सुंदर'. पण 'आई' हा प्रत्यय लोकांनी लावलेला आहे, मायेने आणि मानाने. विठ्ठलाची विठाई झाली, जनीची जनाई झाली, ती तशीच. तो मान दाखल्यावर छापून घेण्यापेक्षा लोकांच्या तोंडून मिळालेला बरा. व्यवहाराची अडचणही आहे. इंग्रजीत 'मुक्ताई' लिहिताना शेवटी एक 'ए' की दोन, आय की वाय, यावर प्रत्येक कारकून आपापलं डोकं चालवतो, आणि मग शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं असं होतं. मुक्ताचं स्पेलिंग पाच अक्षरांचं, एकच. तेव्हा कागदावर मुक्ता, घरात मुक्ताई, असं करा. परदेशात वाढणार असेल तर पहिल्या दिवशी शिक्षक 'मक्टा' म्हणतील. दोनदा नीट सांगितलं की जमतं, त्यात त्यांच्या जिभेला फार अवघड असं काही नाही.

लोकप्रियतेचं विचारलंत. या नावाची लाट कधी आली नाही आणि ते कधी संपलंही नाही. आपल्याकडे नावांच्या लाटा स्पष्ट दिसतात. एका पिढीत सुमन, कुसुम, शकुंतला. मग वैशाली, मनीषा, स्वाती. मग स्नेहल, प्रियांका. आणि आता हजेरी घेताना स्वरा, अन्वी, आराध्या. नाव ऐकून बाईचं वय ओळखता येतं. मुक्ताचं तसं नाही. मुक्ता आजीही असू शकते, नातही. शाळेत एका वर्गात दोन मुक्ता असल्याचं मला आठवत नाही, आणि सबंध शाळेत एकही नाही असं वर्षही आठवत नाही. मुलीला नाव वेगळं हवं पण समजावून सांगावं लागू नये, अशी इच्छा असेल तर याहून चांगली जागा नाही.

हे नाव टिकलं त्याचं कारण ते दोन दारांनी घरात येतं. एक दार वारकऱ्यांचं. जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगर, पूर्वीचं एदलाबाद. तिथे जवळच तापीकाठी १२९७च्या वैशाख वद्य दशमीला विजेच्या कडकडाटात मुक्ताबाई अंतर्धान पावल्या अशी श्रद्धा आहे. कोथळीला त्यांचं जुनं मंदिर आहे, आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव. आषाढीसाठी मुक्ताईची पालखी इथून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असा जवळजवळ महिनाभराचा पल्ला चालत पंढरपूर गाठते. मानाच्या पालख्यांत एवढ्या दूरवरून येणारी फार थोडी. त्या वाटेवरच्या गावांत मुक्ताबाई हे नाव कधी जुनं झालंच नाही.

दुसरं दार शहरातल्या सुधारकी घरांचं. साठ-सत्तरच्या दशकानंतर तिथे 'बाई' गळून नुसतं 'मुक्ता' झालं आणि 'मोकळी, स्वतंत्र' हा अर्थ मुद्दाम मनात धरून ठेवलं जाऊ लागलं. अनिल आणि सुनंदा अवचट यांची एक मुलगी मुक्ता, पुढे १९८६ साली पुण्यात सुरू झालेलं त्यांचं व्यसनमुक्ती केंद्र मुक्तांगण. नरेंद्र दाभोलकरांची मुलगीही मुक्ता. अभिनेत्री मुक्ता बर्वेमुळे ते आजच्या तरुण पिढीच्या ओळखीचं राहिलं. देव मानणारं घर आणि न मानणारं घर दोघंही जे नाव तितक्याच प्रेमाने ठेवतात अशी नावं मराठीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

जातीचंही तेच. अहिल्याबाई होळकरांची मुलगी मुक्ताबाई. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली, मांग समाजातली मुक्ता साळवे. १८५५ साली तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती असं मानतात. ज्या समाजाला पोथीला हात लावायची बंदी होती त्यातल्या मुलीने सरळ विचारलं की मग आमचा धर्म कोणता ते तरी सांगा. मुक्ताबाईंची आठवण काढताना हिची आठवण वगळू नका. मुलगी वाचायला लागली की दोघींचं लिहिलेलं तिच्या हातात द्या. ताटीचे अभंग आधी, निबंध जरा मोठेपणी.

राहिलं जन्माक्षर. 'ला' हे अश्विनी नक्षत्राच्या चौथ्या चरणाचं अक्षर, मेष रास. 'मु' येतं मघाच्या तिसऱ्या चरणाला, सिंह राशीत. म्हणून गुरुजी जुळत नाही म्हणतात, आणि त्यांच्या गणिताप्रमाणे ते बरोबर आहे. पण जन्मनक्षत्रावरचं नाव आणि हाक मारायचं नाव ही आपल्या परंपरेत पहिल्यापासून वेगळीच होती. नाक्षत्रनाम, मासनाम, देवतेवरून नाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावं ठेवायची पद्धत त्यासाठीच आहे. आश्वलायन गृह्यसूत्र या घरच्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात तर मुलाचं अभिवादनाचं, म्हणजे वडीलधाऱ्यांना नमस्कार करताना सांगायचं, नाव मुंज होईपर्यंत फक्त आईवडिलांनाच माहीत असावं असं सांगितलंय. म्हणजे शास्त्राप्रमाणे चालायचं तरी जन्माक्षराचं नाव चारचौघांत सांगायची गरजच नाही. पत्रिकेत ललिता घाला, लावण्या घाला, ताटातल्या तांदळात अंगठीने ते आधी लिहा आणि त्याखाली मुक्ता लिहा. गुरुजींची हरकत उरणार नाही.

कुणी शास्त्र काढलंच तर एवढं लक्षात असू द्या. मुलीचं नाव उच्चारायला सोपं, अर्थ स्पष्ट, कानाला गोड, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं असं मनुस्मृतीत आहे. त्या ग्रंथातलं सगळं घेण्यासारखं नाही, पण या कसोटीला मुक्ता उतरतं. पारस्कर गृह्यसूत्र मुलीच्या नावात विषम अक्षरं सांगतं; मुक्तात दोन, तेव्हा ते भरत नाही, पण मग रमा, उमा, सीता, राधाही भरत नाहीत. नदीच्या नावाच्या मुलीशी लग्न करू नये असंही मनुस्मृतीत सांगितलंय, आणि गोदावरी, यमुना, कृष्णा, भागीरथी ही तर आपल्या पणज्यांची नावं. मराठी घरांनी नावाच्या बाबतीत ग्रंथापेक्षा आपल्या मायेला विचारलं, आणि ते योग्यच केलं.

लग्नानंतर नाव बदलण्याचंही मनात असेल तर सांगते. पूर्वी नवऱ्याने तांदळात नवं नाव लिहायचं आणि माहेरचं नाव मागे राहायचं. आता मी लावते त्या लग्नांत बहुतेक मुली स्वतःचंच नाव पुन्हा लिहून घेतात. त्यामुळे ठेवाल ते नाव जन्मभराचं आहे असं धरूनच ठेवा.

शेवटचं कागदपत्रांचं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण त्या वेळी नाव ठरलेलं नसलं तरी अडत नाही. नाव नोंदवायला पुढे १२ महिने मिळतात, त्यासाठी शुल्क नाही. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. म्हणून दवाखान्यातून घाईघाईत कुणी फॉर्म भरू लागलं तर नावाची जागा मोकळी ठेवा आणि बारसं झाल्यावर भरा. फॉर्मवर मराठी नाव तुम्ही स्वतः लिहा, क्तचं जोडाक्षर नीट; संगणकावर टंकताना ते तुटून 'मुकता' झालेले दाखले मी पाहिलेत आणि दुरुस्तीला हेलपाटे पडतात. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आला आहे. तेव्हा मुक्ताच्या पुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं सबंध दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा, इंग्रजी स्पेलिंगसकट कागदावर लिहून काढा, आणि तेच सगळीकडे चालवा. बारशाला आत्याने कानात सांगताना मात्र नुसतं 'मुक्ता' सांगावं.